पहिल्या लोट्याचा मान

ज्यांच्या घरात नळ आहे आणि ज्यांना तोंड आहे अशा सर्वांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या प्रकरणात एका पाईपाची हकीकत सांगितली जाणार आहे. वाचकांनी बसून घ्यावं. हातात पाण्याचा पेला असल्यास तो खाली ठेवावा. हसू आलं तर हसावं, पण पाणी पिता पिता हसू नये. ठसका लागून कोणी गेलं तर ठपका माझ्यावर येईल, आणि माझ्या नावावर आधीचेच ठपके पुष्कळ आहेत. त्यातला ताजा असा की, मी कोणाच्याही घरी गेले की देवघर किंवा दिवाणखाना न पाहता थेट मोरीत शिरते. माझ्या पर्समध्ये एक लोहचुंबक आणि एक जुनं नाणं असतं. पाईपाला चुंबक चिकटला तर लोखंड. मग गंजाची चौकशी करून मी चहा घेते. राखाडी पाईप असेल, चुंबक चिकटत नसेल आणि नाण्यानं खरवडल्यावर आत चांदीसारखं चकाकलं, तर मी चहा घेत नाही आणि घरच्यांनाही घेऊ देत नाही. यामुळे हल्ली मला बारशा-वास्तूची बोलावणी कमी येतात. न येवोत. जिथं दरवर्षी सणाला एकमेकांवर दगड मारतात त्या गोटमारीच्या गावची मी, असल्या गोष्टींनी मला टेंगूळ येत नाही.

आमचं घर पांढुर्ण्याच्या उताराच्या बाजूला, जिथं गावातलं सगळं पाणी वाहत येतं पण प्यायचं तेवढं येत नाही अशा मोहल्ल्यात. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात पेरूचं झाड आणि झाडाजवळ एक दगडी खड्डा. तीन पायऱ्या उतरून त्या खड्ड्यात गेलं की भिंतीतून बाहेर आलेला पितळी नळ. पाण्याला जोर नसे, म्हणून नळ असा जमिनीच्या खाली बसवलेला. आमच्या माणसांची ओळख करून द्यायची तर आधी या नळाचीच करून द्यावी लागते, कारण घरातलं मानाचं आसन त्याचं होतं. तो आला त्या तारखेला दरवर्षी घरात खीर होई. पितळेला चिंच लावून तो घासला जाई आणि झेंडूची माळ चढे. शेजारचं कोणी विचारलं, "काय आबा, तुमच्या विहारात आता नळाचीबी पूजा का?" तर माझे आजोबा, म्हणजे आबा, मान ताठ करून सांगत, "पूजा नाही करत बे. मान देतो."

मान द्यायला कारण होतं. नगरपालिकेचा मोठा पाईप चौकापर्यंत आला आणि तिथंच थांबला होता. पुढं आमची वस्ती. पाईप संपले, असं कचेरीत सांगण्यात आलं. आबा तेव्हा तरणेबांड होते, सरकारी बंगल्यावर डागडुजीच्या कामाला मजूर म्हणून जात. त्यांनी कचेरीच्या पायरीवर तीन दिवस बैठक मारली आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "पाईप मी आणतो. तुमी फक्त जोडून द्या." बंगल्यातले जुने पाईप काढून मागच्या बाजूला टाकले होते. आबांनी ते रीतसर मागून घेतले, खांद्यावर वाहून आणले, चौकापासून दारापर्यंत साठ हात चर एकट्यानं खणला आणि पाईप पुरला. तो पाईप मऊ होता, हातानं वळे, कोपऱ्यावर सांधा लागत नसे. पुढं वस्तीत आणखी नळ आले, सगळे लोखंडी पाईपाचे, आणि सगळे काही वर्षांत गंजून लाल पाणी देऊ लागले. आमचा मात्र जसाच्या तसा. "बंगल्याचा माल हाय," आबा सांगत, "सायेबासाठी विलायतेहून आलेला. हा सडत नाही."

या नळाची एक करामत होती. सकाळी गावात पाणी सोडणारा माणूस सायकलला लांब चावी बांधून यायचा. त्यानं झडप उघडली की वस्तीतले नळ आधी खोकत, फुसफुसत, हवा सोडत आणि मग पाणी देत. पण आमच्या नळातून, तो सायकलवाला यायच्या आधीच, तोटी फिरवल्याबरोबर लोटाभर पाणी निघे. गुपचूप, न खोकता. अख्ख्या गावाच्या आधी आमच्या घरी पाणी! हाच तो पहिला लोटा. आबांनी त्याचा कायदा केला होता: हे पाणी घरातल्या सगळ्यात मोलाच्या माणसानं प्यायचं. ज्याची परीक्षा असेल, जो आजारी असेल, जी पोटुशी असेल, त्यानं. आबांचं बालपण विहिरीपासून दहा पावलं दूर ओंजळ धरून उभं राहण्यात गेलं होतं. सगळ्यांचं भरून झाल्यावर बादलीत जे राहील ते कोणीतरी वरून ओतायचं. "आपल्या पिढ्या उरलेलं पाणी पेल्या," ते म्हणत. "ह्या घरात पयलं पाणी पेल्या जाईल." यावर कोणाची बोलायची टाप नव्हती. माझे बाबा आणि दादा या दोघांनी तर जन्मतःच न बोलायची शपथ घेतली असावी. माय बोलायची, पण भांड्यांकडून.

माझं दहावीचं वर्ष सुरू झालं आणि पहिला लोटा माझ्याकडे आला. तुम्हाला सांगते, राणीच्या डोक्यावर मुकुट ठेवतात तेव्हा तिलाही असं वाटत नसेल. मी पायरीवर बसून, डोळे मिटून, घोट घोट ते पाणी प्यायची आणि पाहणारे पाहतायत ना हे एका डोळ्यानं बघायची. पाणी गोड लागे. सगळ्यांनाच गोड लागे. आज विचार करते तर वाटतं, पाणी पाण्यासारखंच असेल. मान गोड लागत होता. आणि मग संक्रांतीच्या सुमारास वहिनीला दिवस गेल्याची बातमी आली आणि माझं राज्य गेलं. लोटा तिच्याकडे. मी पाठांतर करत बसलेली आणि आबा माझ्या डोक्यावरून हाक मारतात, "शालू, ये व माय, पयलं पाणी पेऊन घे." मी त्या दिवशी बेसन-भाकर अर्धी टाकून उठले. कोणाच्याही लक्षात आलं नाही, हे विशेष.

शालूवहिनी सौंसरची. तिचे वडील तिथल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. एकेक उचलून ओळ जुळवायची, दिवसभर, वर्षानुवर्षं. तिच्या लग्नात मी त्यांना पाहिलं होतं. उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता, सुकल्या शेंगेसारखा. अक्षता टाकायच्या तर डाव्या हातानं उजवा उचलून टाकल्या. हिरड्यांवर निळी रेघ. पोटात कळ आली की ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहत आणि कोणी पाहिलं तर हसत. वहिनी स्वतः बारीक, सावळी, कमी बोलणारी. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचं एक बाळ तिसऱ्याच महिन्यात, पोटातच गेलं होतं. त्यानंतर ती आणखी कमी बोलू लागली. म्हणून या खेपेला सगळं घर तिच्याभोवती पाऊल न वाजवता चालत होतं. पहिला लोटा तर झालाच, पण भाजीतला पहिला घास, संत्र्यातली पहिली फोड, सगळं तिचं.

त्या उन्हाळ्यात संत्र्यांनी भरलेली एक गाडी आमच्या गल्लीतून गेली आणि तिचं चाक आमच्या पाईपावर चढलं. माती दबून पाईप उघडा पडला, चेपला आणि एका जागी पाझरू लागला. आबांनी फिटर बोलावला नाही. लाकडी मोगरी आणली आणि पाईप थोपटून थोपटून भेग बुजवली. "पाय, कसा समजदार पाईप हाय," ते मला म्हणाले, "मारलं का ऐकते." वहिनी त्यांच्यासाठी चहा घेऊन आली होती. ती वाकली. ठोकलेल्या जागी पाईप चकाकत होता. तिनं तिथं नख ओढलं, ओरखडा उमटला. मग लुगड्याचा पांढरा काठ त्यावर घासला. काठावर राखाडी रेघ उमटली. ती रेघ ती कितीतरी वेळ पाहत राहिली, आणि चहा तिथंच ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी एक गोष्ट पाहिली. मला ती दिसणारच होती, कारण त्या लोट्यावर माझ्याइतकी नजर कोणाचीच नव्हती. वहिनी पहिला लोटा घ्यायची, आबांकडे पाठ करून पेरूकडे जायची आणि सगळं पाणी झाडाच्या बुडाशी ओतून रिकामा लोटा तोंडाला लावायची. चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी माझ्यातला राजद्रोही जागा झाला. इथं मी एक वाक्य लिहून ठेवते, कारण पन्नाशी उलटल्यावर माणसानं निदान पाईपाच्या बाबतीत तरी खरं बोलावं: मी चुगली केली. लोटा परत मिळेल म्हणून केली.

"आबा, वहिनी पयलं पाणी पेत नाही. पेरूले घालते."

आबा खाटेवरून उठले. "पेरूले?" त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं. "माह्या पयल्या पाण्याचा मान पेरूले? सूनबाई, खरं हाय का?"

वहिनी चुलीपाशी होती. ती बाहेर आली, पीठ लागलेले हात पुढं धरून. "खरं हाय आबा. तो पाईप शिशाचा हाय. माह्या बाबानं जलमभर शिसंच हाताळलं. त्यायचा हात तुमी पाह्यला ना? डाक्टर म्हणे, हे पोटात जाते आन्‌ राहून जाते. पोटातल्या लेकराले तर लई वाईट."

"शिसं हाय म्हणून तर सडला नाही!" आबा गरजले. "लोखंडाचे सारे सडले. बंगल्यात सायेब लोक ह्याच पाईपाचं पाणी पेत होते. मेले का ते?"

"मेलेच ना आबा," वहिनी शांतपणे म्हणाली. "एक तरी उरला का पांढुर्ण्यात?"

आत मायचा तवा पडला. मला अजूनही वाटतं की तो पडला नाही, तिनं टाकला, हसू लपवायला. आबांचा चेहरा मात्र पाहण्यासारखा राहिला नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांचा हळू आवाज जास्त वाईट असे, "ज्या घरचं पाणी तुले चालत नाही, त्या घरची भाकर कशी चालते?"

"भाकरबी त्याच पाण्याची हाय, म्हणून तर बोलून राहिली," वहिनी म्हणाली. तिनं हात धुतले नाहीत. पिठाच्या हातानंच कोपऱ्यातली घागर उचलली आणि सातव्या महिन्याचं पोट घेऊन दाराबाहेर पडली.

ती कुठं गेली हे सांगितल्याशिवाय तुम्हाला त्या घागरीचं वजन कळायचं नाही. चौकाच्या वरच्या अंगाला एक हातपंप होता. पूर्वी तिथंच ती विहीर होती, जिच्यापासून दहा पावलांवर आबांचं बालपण ओंजळ धरून उभं राहिलं होतं. नळ आला त्या दिवशी आबांनी सांगून ठेवलं होतं की यापुढं माझ्या घरची बाई पाण्यासाठी त्या चौकात जाणार नाही. आणि आता भर सकाळी, सगळ्या गावाच्या देखत, त्यांची गरोदर नातसून तिथं रांगेत उभी होती. पाणी भरून येताना ती दर वीस पावलांवर थांबत होती. आबा अंगणात उभे राहून हे पाहत होते. त्यांनी जेवण केलं नाही. संध्याकाळी त्यांनी आपली खाट ओढून नळाच्या खड्ड्यापाशी आणली, जणू कोणी नळ चोरून नेणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पहिला लोटा भरून माझ्यापुढं धरला. "घे मंदे. तू पे." ज्याच्यासाठी मी घर फोडलं होतं ते माझ्या हातात आलं. मी लोट्यात पाहिलं. पाणी नितळ होतं, तळाचं पितळ दिसत होतं. मला मांडवातला तो लोंबणारा हात आठवला. गंजाचं पाणी निदान लाल होऊन सांगतं तरी, की बाई, मी खराब आहे. हे पाणी काहीच सांगत नव्हतं. मी लोटा पायरीवर ठेवला, पंधरा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा आबांना "नाही" म्हटलं आणि पळत जाऊन वहिनीच्या हातातली घागर घेतली. ती माझ्याकडे पाहून फक्त म्हणाली, "चुगलखोर बाई, दोन्ही हातानं धर. फुटन." रांगेतल्या एका मावशीनं विचारलं, "काय व, तुमचा नळ आटला का?" वहिनी म्हणाली, "नळ चांगला हाय मावशी. मागचा पाईप खराब हाय." "मंग सासऱ्याच्या बापाले सांगतलं का?" "सांगतलं ना. ते पाहा, अंगणातून आमालेच पाहून राहिले." मी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर घागर नक्की फुटली असती.

तिसऱ्या दिवशी आबा दारातच उभे राहिले. आडवे. "आज तू जाणार नाही," ते वहिनीला म्हणाले. "माही माय त्या जाग्यावर उभी राहून मेली. माही बायको उभी राहिली. तू नाही." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि त्यामुळे आम्हाला कोणालाच काय करावं ते सुचेना. बाबा चप्पल शोधत होते, जी त्यांच्या पायात होती. दादा भिंतीकडे पाहत होता. वहिनीनं घागर खाली ठेवली, खड्ड्याच्या तीन पायऱ्या भिंतीला धरून उतरली आणि तोटी फिरवली. नेहमीप्रमाणे, गुपचूप, लोटाभर पाणी आलं. मग नळ थांबला. तिनं लोटा आबांच्या हातात दिला.

"मंदाबाई," ती मला म्हणाली, "जाऊन पाय बरं, गावात नळ आले का?"

मी गल्लीत जाऊन आले. शेजारच्या दोन घरांच्या तोट्या उघड्या आणि कोरड्या. सायकलवाल्याचा पत्ता नव्हता. "नाही आले," मी सांगितलं.

"मंग आबा, हे पाणी कुठचं?"

"आपल्या नळाचं," आबा म्हणाले.

"नळ तर आले नाही अजून. मंग कधीचं?"

आबांनी सायकलवाल्याच्या वाटेकडे पाहिलं.

"आपलं घर उतारावर, नळ खाली खड्ड्यात, पाईप मधात झोल खाऊन बसला," वहिनी म्हणाली. "काल नळ गेल्यावर जे पाईपात राहून जाते, ते हे. दिवसभर, रातभर शिशात पडून राहाते. हे पयलं नाही आबा. कालचं उरलेलं हाय."

साठ हात चर खणणारा माणूस तो लोटा धरून उभा होता. त्यांनी पाण्यात पाहिलं, मग चौकाकडे, मग वहिनीच्या पोटाकडे. किती वर्षं, किती जणांना, मानानं बोलावून बोलावून त्यांनी ते पाजलं होतं, याचा हिशेब ते करत असावेत. मला तरी तसं दिसलं. माझ्या वहिनीचं ते पहिलं बाळ शिशानं गेलं की आणखी कशानं, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही सांगणार नाही. पण आबांनी त्या क्षणी ते स्वतःच्या नावावर धरलं, हे लोट्यावर आवळलेल्या त्यांच्या बोटांत दिसलं. त्यांनी लोटा जमिनीवर उपडा केला. पेरूला नाही, कोरड्या मातीत. मग कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि दारापासून खणायला सुरुवात केली. दादानं पुढं होऊन कुदळ मागितली तर म्हणाले, "मी पुरला. मीच काढतो." नवा पाईप येईपर्यंत वहिनीसाठी पाणी माय आणत राहिली, चौकातूनच, आणि आबांनी मान खाली घालून तिला जाऊ दिलं. निघालेला पाईप त्यांनी भंगारवाल्याला दिला नाही; "दुसऱ्याच्या पोटात जाईन," म्हणाले. तो अजून आमच्या घरी गुंडाळी करून ठेवलेला आहे. त्याला आता माळ नाही.

हल्ली मी जुन्या घरांतून चुंबक घेऊन फिरते तेव्हा लोक मला तेच सांगतात जे आबा सांगत. आमच्या आजोबांनी बसवला, इतकी वर्षं चालला, आम्हाला काय झालं? मी म्हणते, दादा, तुमच्या आजोबांचा मान राखा आणि पाईप काढा. दोन्ही जमतं, मी पाहिलेलं आहे. आणि निघेपर्यंत सकाळचं पहिलं पाणी वाहू द्या, फरशी धुवा, पण पोरांना पाजू नका. काही जण ऐकतात. काही जण माझ्या मागं दार जरा जोरात लावतात. माझी भाची, जी त्या वर्षी सौंसरला वहिनीच्या माहेरी धडधाकट जन्मली, ती म्हणते, "आत्या, तू भांडखोर आहेस." हे तिनं म्हणावं! तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही.

नवा पाईप जस्त चढवलेला लोखंडी होता. पुढं तोही गंजला आणि प्लास्टिकचा आला, पण ती निराळी भांडणं. तो जोडला त्या सकाळी अंगणात सगळी वस्ती जमली होती. सायकलवाला येऊन गेला. नळ खोकला, फुसफुसला, अगदी शेजाऱ्यांच्या नळासारखा, आणि पाणी आलं. सवयीनं सगळ्यांच्या नजरा लोट्याकडे गेल्या. आता पहिलं कोणाला? फिटर म्हणाला, नवा पाईप आहे, थोडं वाहू द्या. आबांनी लोटा बाजूला सारला, तोटी पूर्ण उघडली आणि वर येऊन दाराच्या पायरीवर मांडी घालून बसले. खड्डा भरला, पाणी अंगणात आलं, पेरूला वळसा घालून गल्लीत उतरलं. चौकातले एक गृहस्थ, वरच्या आळीचे, स्वच्छ धोतराचे, पाण्यातून पाय उचलत आले आणि ओरडले, "अहो, बंद करा नळ! एवढं पाणी वाया चाललंय, दिसत नाही का?"

आबा जागचे हलले नाहीत. डोळ्यांतलं पुसायलाही नाही. अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "जाऊ द्या हो! आमच्या दारातून पाणी वाया जातानी जलमात पयल्यांदा पाहून राहिलो, पोटभर पाहू तर द्या!"